किल्ल्या दिल्या, ओटा सुटला नाही: सार्वमत हरल्यावरचे ॲलेक्स सॅमंड

१९ सप्टेंबर २०१४ च्या पहाटेचा एक फोटो आहे. ॲबर्डीनच्या विमानतळावर एका गाडीच्या मागच्या सीटवर साठीला टेकलेला एक जाडसर माणूस खाली मान घालून हातातल्या पडद्याकडे पाहतोय. बाहेर अंधार आहे, चेहऱ्यावर तेवढा त्या पडद्याचा उजेड. ज्या क्षणासाठी त्याने अख्खं राजकीय आयुष्य घालवलं तो क्षण येऊन गेला होता. स्कॉटलंडने स्वतंत्र होण्याला ‘नाही’ म्हटलं होतं.

हा माणूस म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीचे, म्हणजे एसएनपीचे नेते आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, ॲलेक्स सॅमंड. (इंग्रजीत नावात ‘ल’ आहे, पण तो मुका. मराठी वर्तमानपत्रांनी त्यांना बरीच वर्षं ‘सालमंड’ केलं होतं.) त्याच दिवशी दुपारी त्यांनी राजीनामा जाहीर केला. हे प्रकरण त्या राजीनाम्याचं आहे, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांचं.

पराभवाने सॅमंड संपले, असं त्यांच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. सार्वमत हरूनही त्यांचा पक्ष आठ महिन्यांत असा वाढला, की जिंकणाऱ्यांना हेवा वाटावा. सॅमंडचं जे बिघडलं ते त्यानंतर, आणि बऱ्याच अंशी त्यांच्या स्वतःच्या हाताने.

डाव कसा मांडला होता

सॅमंड मूळचे अर्थतज्ज्ञ. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये तेलाच्या अर्थकारणाचा अभ्यास करायचे. १९८७ मध्ये खासदार झाले, १९९० मध्ये पक्षाध्यक्ष. दहा वर्षांनी अध्यक्षपद सोडलं. जॉन स्विनी आले, त्यांचं जमलं नाही, २००४ मध्ये ते पायउतार झाले. परत येणार का, असं तेव्हा सॅमंडना विचारलं गेलं. नाव सुचवलं तरी नाही, गळ घातली तरी नाही, आणि निवडून दिलं तर राजीनामा देईन, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. महिना उलटायच्या आत ते उमेदवार होते.

या पुनरागमनासाठी एका तरुण नेत्याने आपली अध्यक्षपदाची उमेदवारी मागे घेतली आणि उपाध्यक्षपदावर समाधान मानलं. तिचं नाव निकोला स्टर्जन. हा तपशील लक्षात ठेवा.

२००७ मध्ये एडिंबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या स्वतःच्या, १२९ जागांच्या संसदेत एसएनपीला ४७ जागा मिळाल्या, लेबर पक्षाला ४६. एका जागेच्या जोरावर सॅमंडनी अल्पमतातलं सरकार चार वर्षं चालवलं. २०११ मध्ये ६९ जागा आल्या. तिथली निवडणूकपद्धत अशी आहे, की कुणा एकाला बहुमत मिळणंच अवघड जावं. ते मिळाल्यावर सार्वमत टाळणं लंडनला शक्य राहिलं नाही. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आणि सॅमंड यांनी सार्वमताच्या एडिंबरा करारावर सह्या केल्या.

त्या करारातली देवाणघेवाण बघण्यासारखी आहे. तारीख, प्रश्नाची शब्दरचना आणि १६-१७ वर्षांच्या मुलांना मतदानाचा हक्क, या तीन गोष्टी सॅमंडनी पदरात पाडून घेतल्या. कॅमेरननी एकच गोष्ट घेतली: मतपत्रिकेवर प्रश्न एकच असेल, हो किंवा नाही. ‘युनायटेड किंगडममध्येच राहू, पण जवळजवळ सगळा कारभार आमच्याकडे द्या’ हा मधला पर्याय बाद झाला. सॅमंडना तो मधला पर्याय मनातून चालला असता, असं तेव्हाही बोललं जायचं. तो असता तर हरण्याची भीती जवळपास उरली नसती. पण तेव्हा स्वातंत्र्याला पाठिंबा होता जेमतेम एक तृतीयांश लोकांचा, आणि कॅमेरनना वाटलं की एक घाव दोन तुकडे होऊन जातील.

प्रचार दोन वर्षं चालला. शेवटच्या पंधरवड्यात, ७ सप्टेंबरला, एका जनमत चाचणीत ‘हो’ ५१ टक्क्यांवर गेलं आणि लंडनची धावपळ उडाली. तिन्ही मोठ्या ब्रिटिश पक्षांच्या नेत्यांनी जास्त अधिकारांचं वचन सह्यांनिशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून आणलं. १८ तारखेला ८४.६ टक्के मतदान झालं. ‘नाही’ला २०,०१,९२६ मतं, ‘हो’ला १६,१७,९८९. म्हणजे ५५.३ विरुद्ध ४४.७. ३२ पैकी चारच विभागांत ‘हो’ जिंकलं: ग्लासगो, डंडी, वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनार्कशायर. सॅमंडचा बालेकिल्ला म्हणजे ईशान्येकडचा ॲबर्डीनशायर. तिथे साठ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. घरच्या अंगणातला पराभव माणसाला जास्त लागतो. त्या गाडीतल्या फोटोत तोही असावा.

पौंड आणि पिंप

हरण्याची कारणं खूप सांगितली जातात. मला दोनच महत्त्वाची वाटतात, कारण ती दोन्ही सॅमंडच्या नावावर जमा होती आणि राजीनाम्याचा निर्णय त्यांच्याशी जोडलेला आहे.

पहिलं कारण चलनाचं. स्वतंत्र स्कॉटलंड पौंडच वापरेल आणि उरलेल्या ब्रिटनशी चलनसंघ करेल, अशी सॅमंडची योजना होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी चलनसंघ होणार नाही असं जाहीर केलं, आणि लेबर व लिबरल डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांनी त्यांची री ओढली. ही धमकी पोकळ आहे असं सॅमंड म्हणत राहिले. ५ ऑगस्टच्या दूरचित्रवाणी वादात ‘नाही’ बाजूचे ॲलिस्टर डार्लिंग यांनी एकच टुमणं लावलं: नाही दिला पौंड, तर दुसरा बेत काय? वादविवादात भल्याभल्यांना लोळवणारे सॅमंड त्या संध्याकाळी अडखळले. २५ ऑगस्टच्या दुसऱ्या वादात त्यांनी उट्टं काढलं, तो वाद उघड उघड जिंकलाही. पण पेन्शन कुठल्या नोटेत मिळणार हे ज्याला कळत नाही असा निवृत्त माणूस दुसरा वाद बघून मत बदलत नाही.

दुसरं कारण तेलाचं. स्कॉटिश सरकारच्या सहाशेहून अधिक पानांच्या श्वेतपत्रिकेत नव्या देशाचा जमाखर्च मांडताना तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलरच्या आसपास धरला होता. मतदानाच्या वेळी तो शंभराच्या घरात होता. चारच महिन्यांत, जानेवारी २०१५ मध्ये, तो पन्नासच्या खाली गेला. हयातीची सुरुवात ज्याने तेलाचे भाव अभ्यासण्यात घालवली, त्याच्यावर काळाने उगवलेला हा सूड म्हणायचा. समजा सॅमंड खुर्चीवर राहिले असते, तर त्या हिवाळ्यात विधानभवनात दर गुरुवारी त्यांना एकच प्रश्न आला असता: तुमच्या हिशेबाचं काय झालं? सप्टेंबरात गेल्यामुळे तो प्रश्न त्यांना कधी थेट झेलावा लागला नाही. हे त्यांनी ओळखून केलं असं नाही, तेव्हा भाव एवढा पडेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण नशिबाने दिलेली ही सवलत हिशेबात धरायला हवी.

त्या दुपारी समोर काय काय होतं

राजीनामा कुणी मागितला नव्हता. पक्षात बंड नव्हतं. संसदेत बहुमत होतं आणि पुढची निवडणूक मे २०१६ मध्ये होती. म्हणजे वीस महिने हातात होते. राहिले असते तर कोणी नावं ठेवली नसती, आणि राहून दाखवलेल्यांची उदाहरणंही होती.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९८० साली तिथल्या सरकारचे प्रमुख रने लेव्हेक यांनी कॅनडापासून सार्वभौमत्वाची वाटाघाट सुरू करण्यासाठी कौल मागितला. साठ-चाळीसने हरले. त्या रात्री रडणाऱ्या कार्यकर्त्यांना ते म्हणाले, की मला तुमचं म्हणणं कळलं असेल तर तुम्ही सांगताय, पुन्हा भेटू. राजीनामा दिला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये प्रांताची निवडणूक १२२ पैकी ८० जागा घेऊन जिंकले.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर त्याहूनही विलक्षण आहे. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल. प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं, हा होता. त्यामुळे तुलना ओढूनताणून करायची नाही. पण हरलेल्या नेत्याचं पुढे काय, या एका प्रश्नापुरता दयानंद बांदोडकरांचा अनुभव फार बोलका आहे. भाऊसाहेब विलीनीकरणाच्या बाजूचे. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये, म्हणजे मतदानाआधीच, राजीनामा दिला. विलीनीकरणाची निशाणी ‘फूल’ हरली, संघप्रदेशाची ‘दोन पानं’ जिंकली: १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१. ज्या मागणीसाठी पक्ष काढला तीच लोकांनी नाकारली. आणि मार्च अखेरीस, अडीच महिन्यांच्या आत, त्याच लोकांनी विधानसभेत त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन भाऊसाहेबांना परत मुख्यमंत्री केलं. कौल जिंकणारे डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी बाकांवरच राहिले. १९७३ मध्ये निधन होईपर्यंत भाऊसाहेब मुख्यमंत्री होते.

गोव्यातल्या बहुजन मतदाराने दोन प्रश्न वेगळे केले होते. नकाशा कसा असावा हा एक, आणि आपल्या बाजूचं सरकार कुणाचं हा दुसरा. मागणी हरली, माणूस हरला नाही. भाऊसाहेबांनीही मग विलीनीकरणाचा घोष लावून धरला नाही; शाळा काढल्या, कूळकायद्याचं काम पुढे नेलं. मागणी मागे ठेवून माणूस पुढे गेला.

सॅमंडनी उलट केलं. माणूस मागे ठेवला आणि मागणी पुढे पाठवली. ब्यूट हाउस या सरकारी निवासस्थानात पत्रकारांपुढे ते म्हणाले, की नेता म्हणून माझा काळ जवळपास संपला, पण स्कॉटलंडची मोहीम चालू राहील आणि हे स्वप्न कधी मरणार नाही. त्या भाषणात पराभवापेक्षा पुढच्या झुंजीचाच सूर जास्त होता. लंडनने जास्त अधिकारांचं वचन दिलंय, ते वसूल करायला नवं नेतृत्व बरं पडेल, असा त्यांचा युक्तिवाद.

तो युक्तिवाद खरा होताच, पण न सांगितलेलं एक कारण मला जास्त वजनदार वाटतं. प्रचारात सॅमंडनी स्वतः म्हटलं होतं, की ही संधी पिढीतून एकदा, कदाचित आयुष्यातून एकदाच येते. काठावरच्या मतदाराला ओढण्यासाठी ते वाक्य होतं. हरल्यावर तेच गळ्यात अडकलं. ज्याने ‘एकदाच’ म्हटलं, त्याने दुसऱ्यांदा कसं मागायचं? तसं पाहिलं तर एडिंबरा करारावर स्टर्जन यांचीही सही होती आणि श्वेतपत्रिकाही दोघांचीच. पण लोकांच्या कानात आवाज सॅमंडचा होता.

शिवाय ते जुनं देणं होतंच. २००४ मध्ये स्टर्जन यांनी वाट मोकळी करून दिली होती. दहा वर्षांनी ती परत दिली गेली.

दोन महिने नीट हस्तांतर झालं. नोव्हेंबरच्या मध्यावर स्टर्जन बिनविरोध पक्षाध्यक्ष झाल्या आणि २० तारखेला फर्स्ट मिनिस्टर. एवढं स्वच्छ हस्तांतर पक्षांमध्ये सहसा होत नाही, आपल्याकडे तर नाहीच.

हरलेल्यांचा पक्ष फुगतो

मतदानाच्या दिवशी एसएनपीचे सदस्य होते पंचवीस हजारांच्या आसपास. मार्च २०१५ पर्यंत ते लाखाच्या वर गेले. ग्लासगोच्या हायड्रो सभागृहात स्टर्जनना ऐकायला बारा हजार लोक आले. मे २०१५ च्या ब्रिटिश निवडणुकीत स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा एसएनपीच्या. आधी होत्या सहा. लेबरच्या ४१ वरून एक.

यामागे भावना होती, पण गणितही होतं. सार्वमतात दोनच बाजू असतात, म्हणून ४५ टक्के म्हणजे पराभव. निवडणुकीत त्या ४५ टक्क्यांना जायला एकच घर होतं आणि उरलेले ५५ लेबर, काँझर्व्हेटिव्ह, लिबरल डेमोक्रॅट असे विखुरले. त्यात भर म्हणजे १९ सप्टेंबरच्या सकाळी, निकालाची शाई वाळायच्या आत, कॅमेरन डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभे राहून इंग्लंडच्या कायद्यांवर इंग्लंडच्याच खासदारांनी मतदान करावं असं बोलले. वचनावर विसंबून ‘नाही’ म्हटलेल्या कितीतरी स्कॉटिश माणसांना ते झोंबलं. जिंकलेल्या कॅमेरनना पुढे दोनच वर्षांत दुसऱ्या एका सार्वमताने घरी पाठवलं. त्यांचं प्रकरण वेगळं लिहावं लागेल.

ओटा

इथपर्यंत सॅमंडचा निर्णय सोळा आणे बरोबर ठरतो. गडबड पुढे आहे.

क्वेबेकमध्ये अशा माजी नेत्यांना एक शब्द आहे: ‘सासू’. पद सोडलेला, पण वारसदाराच्या प्रत्येक निर्णयावर जाहीर शेरा मारणारा नेता. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. किल्ल्या सुनेच्या कमरेला लावायच्या, आणि मग ओट्याशी उभं राहून फोडणी जळतेय म्हणायचं. हा शब्द ज्यांना चिकटला त्यांत क्वेबेक सरकारचे माजी प्रमुख झाक पारिझो होते. १९९५ च्या दुसऱ्या सार्वमतात त्यांची बाजू ४९.४२ विरुद्ध ५०.५८ अशी केसाच्या अंतराने हरली. त्या रात्री व्यासपीठावरून ते बोलून गेले की आपण हरलो ते पैसा आणि ‘वांशिक मतां’मुळे. दुसऱ्या दिवशी राजीनामा. त्या एका वाक्याने त्यांचं नाव कायमचं डागळलं. पुढची वीस वर्षं ते स्वतःच्याच पक्षाला टोचत राहिले.

सॅमंडनी असं काही वावगं बोलून पद सोडलं नव्हतं. त्यांनी पदाबरोबर घरही सोडायला हवं होतं. पण मे २०१५ मध्येच ते गॉर्डन मतदारसंघातून लंडनच्या संसदेत परतले. तिथे पक्षाचे गटनेते अँगस रॉबर्टसन. सात वर्षं सरकार चालवलेला माणूस त्यांच्या हाताखाली परराष्ट्र विषयाचा प्रवक्ता. मुलाखती मात्र सॅमंडच्याच व्हायच्या. स्टर्जन दुसऱ्या सार्वमताबद्दल शब्द तोलून बोलायच्या आणि सॅमंड ते अटळ आहे म्हणून मोकळे व्हायचे. जून २०१६ मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने गेलं, स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहायचं ठरवलं, आणि घाई विरुद्ध सबुरी हा झगडा आणखी चिघळला. २०१७ च्या मार्चमध्ये स्टर्जन यांनी दुसरं सार्वमत मागितलं. तीन महिन्यांनी अचानक निवडणूक आली, पक्षाच्या २१ जागा गेल्या. त्यात गॉर्डन होतं.

पराभूत होऊन घरी बसायची सॅमंडना सवय नव्हती. एडिंबरा महोत्सवात त्यांनी गप्पांचा प्रयोग लावला, तिकिटं खपली. मग नोव्हेंबर २०१७ पासून ‘आरटी’ या रशियन सरकारच्या वाहिनीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम. स्टर्जन यांनी नापसंती उघड बोलून दाखवली. ज्या पक्षाला जगापुढे जबाबदार, युरोपनिष्ठ देश म्हणून उभं राहायचं होतं, त्याचा सर्वांत ओळखीचा चेहरा क्रेमलिनच्या पैशाच्या पडद्यावर. सॅमंडचं म्हणणं होतं की कार्यक्रमावर आपलंच नियंत्रण आहे. असेलही. पण त्यांना बोलायला एक जागा हवी होती आणि ती मिळेल तिथे त्यांनी घेतली, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर तो कार्यक्रम बंद झाला.

कोर्ट

हा भाग थोडक्यात आणि जपून सांगतो. २०१८ मध्ये दोन महिला सरकारी कर्मचाऱ्यांच्या, सॅमंड पदावर असतानाच्या वर्तनाबद्दलच्या तक्रारींची सरकारी चौकशी झाली. ऑगस्टमध्ये बातमी फुटली. सॅमंडनी आरोप नाकारले, पक्षाचं सदस्यत्व सोडलं, आणि चौकशीच्या पद्धतीविरुद्ध कोर्टात गेले. जानेवारी २०१९ मध्ये सरकारने कोर्टात हार मानली: चौकशी अधिकाऱ्याचा तक्रारदारांशी आधीच संपर्क आला होता, त्यामुळे प्रक्रिया बेकायदा ठरली. खर्चापोटी सरकारने सॅमंडना पाच लाख पौंडांहून जास्त दिले. त्याच महिन्यात पोलिसांनी त्यांना अटक केली. मार्च २०२० मध्ये खटला चालला. ज्युरीने बारा आरोपांतून निर्दोष ठरवलं आणि एका आरोपावर ‘सिद्ध झालेला नाही’ हा स्कॉटिश कायद्यात तेव्हा असलेला तिसरा निकाल दिला. त्यानेही सुटकाच व्हायची. त्यांच्या स्वतःच्या वकिलाने ज्युरीपुढे मान्य केलं होतं, की हा माणूस अधिक चांगला वागायला हवा होता. गुन्हा आणि वागणूक यांतला फरक त्या निकालाने मिटला नाही.

पुढचं वर्ष सूड की सत्य या वादात गेलं. पक्षातल्या आणि सरकारातल्या काही लोकांनी मिळून आपल्याला संपवायचा प्रयत्न केला, असं सॅमंडनी फेब्रुवारी २०२१ मध्ये संसदीय समितीपुढे सांगितलं. पुढच्या आठवड्यात स्टर्जन त्याच समितीपुढे आठ तास बसल्या आणि त्यांनी ते साफ नाकारलं. मंत्र्यांच्या आचारसंहितेचा भंग झाला नाही असा निर्वाळा त्यांना स्वतंत्र तपासणीतून मिळाला. समितीने मात्र बहुमताने त्यांच्यावर दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. तीस वर्षांची गुरू-शिष्येची जोडी अशी सगळ्या देशासमोर फाटली.

वेगळी चूल

मार्च २०२१ अखेर, निवडणूक सहा आठवड्यांवर असताना, सॅमंडनी ‘अल्बा’ पक्षाची घोषणा केली. कल्पना हुशार होती. स्कॉटलंडमध्ये मतदार दोन मतं देतो, एक मतदारसंघाला आणि एक प्रादेशिक यादीला. एसएनपी मतदारसंघ इतके जिंकते, की यादीची तिची मतं बहुतेक वाया जातात. ती अल्बाला द्या, म्हणजे स्वातंत्र्यवाद्यांचं प्रचंड बहुमत होईल. कागदावर बिनतोड.

मिळाली १.७ टक्के मतं. जागा शून्य.

मला हा आकडा सार्वमताच्या ४४.७ पेक्षा जास्त काही सांगणारा वाटतो. २०१४ मध्ये सोळा लाख लोक ज्याच्या मागे उभे राहिले होते, त्याच्यामागे सात वर्षांनी पंचेचाळीस हजारही राहिले नाहीत. ते सोळा लाख कुठे गेले नव्हते. स्वातंत्र्याचा पाठिंबा चाचण्यांत तेव्हाही पंचेचाळीस-पन्नासच्या आसपासच होता. २०१४ च्या राजीनाम्याने मागणी आणि माणूस वेगळे केले होते, आणि लोकांनी ती फाळणी मनापासून स्वीकारली होती. सॅमंडनी सोडून.

त्यांना एक शेवटचा मोका मिळाला, तोही गंमतीशीर. दरम्यान लंडनच्या संमतीवाचून एडिंबराला सार्वमत घेता येणार नाही, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकमताने ठरवलं. दाराला कुलूप आहे हे कायद्यानेच कळलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टर्जन यांनी राजीनामा जाहीर केला. हमझा युसुफ आले. त्या ऑक्टोबरात ॲश रीगन ही एकटी आमदार एसएनपीतून अल्बात गेली. एप्रिल २०२४ मध्ये युसुफ यांनी ग्रीन पक्षाशी असलेली युती मोडली, ग्रीन उलटले, आणि अविश्वास ठरावाचं गणित ६४-६३ वर येऊन एका मतावर लटकलं. ते मत रीगनचं. ज्या पक्षाला मतदारांनी एकही जागा दिली नव्हती, त्याचा अध्यक्ष चार दिवस फर्स्ट मिनिस्टरच्या भवितव्याच्या अटी सांगत होता. सॅमंड त्या चार दिवसांत जेवढे खुशीत दिसले तेवढे कितीतरी वर्षांत दिसले नव्हते. २९ एप्रिलला युसुफ यांनी तडजोड करण्यापेक्षा राजीनामा पसंत केला.

त्यांच्या जागी आले जॉन स्विनी. २००० साली सॅमंडनी अध्यक्षपद सोडलं तेव्हा आलेले, २००४ मध्ये त्यांनाच वाट करून देणारे, सॅमंडच्या सरकारात सात वर्षं अर्थखातं सांभाळलेले तेच स्विनी. त्या जुलैत लंडनच्या संसदेतल्या एसएनपीच्या जागा नऊवर आल्या.

ओह्रिड

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी उत्तर मॅसिडोनियातल्या ओह्रिड गावी, एका परिषदेत भाषण करून झाल्यावर, सॅमंड हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय ६९. स्कॉटिश सरकारविरुद्ध भरपाईचा त्यांचा दावा तेव्हा कोर्टात चालूच होता.

३० नोव्हेंबरला, म्हणजे सेंट अँड्र्यूच्या दिवशी, एडिंबराच्या सेंट जाइल्स कॅथेड्रलमध्ये स्मरणसभा झाली. फर्स्ट मिनिस्टर स्विनी आले तेव्हा बाहेरच्या गर्दीतून त्यांची हुर्यो उडवली गेली. स्टर्जन आल्या नाहीत.